काक्वा: तीन देशांत विभागलेली जमात आणि तिचे चर्च

१६ फेब्रुवारी १९७७ रोजी युगांडाच्या अँग्लिकन चर्चचे आर्चबिशप जनानी लुवुम यांना इदी अमीनच्या राजवटीने ठार मारले. मोटार अपघातात गेले, असे सरकारने जाहीर केले. त्यावर फारसा कोणाचा विश्वास बसला नाही. त्यांच्या जागी निवडून आले सिल्व्हानस वानी. ते काक्वा होते, आणि अमीनही बापाकडून काक्वाच. आपल्याकडे ही जमात कोणाला माहीत असली तर ती अमीनमुळे. १९७२ मध्ये त्याने गुजराती, पंजाबी आणि गोवेकर कुटुंबांना ९० दिवसांची मुदत देऊन देशाबाहेर काढले होते. पण एका माणसावरून जमात ओळखायचीच, तर ती वानींवरून का ओळखू नये?

नाईलच्या पश्चिमेला युगांडा, दक्षिण सुदान आणि काँगो जिथे एकमेकांना भिडतात, तो काक्वांचा मुलूख. युगांडात कोबोको, दक्षिण सुदानात येई आणि मोरोबो, काँगोत आरू आणि इंगबोकोलोचा परिसर. त्यांची बोली बारी, कुकू, पोजुलू यांच्या बोलींच्या कुटुंबातली. मुलुखाचे तीन तुकडे युरोपीय सौद्यांतून पडले. १८९४ मध्ये ब्रिटिशांनी लाडोचा, म्हणजे याच भागातला नाईलच्या पश्चिमेचा, प्रदेश बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याला भाडेपट्ट्याने दिला. १९०९ मध्ये तो वारल्यावर प्रदेश सुदानकडे परतला आणि १९१४ मध्ये त्याचा दक्षिण भाग युगांडाला जोडला गेला. काक्वांना कोणी विचारले नाही. आज एका बाजूची मुले शाळेत इंग्रजी शिकतात, पलीकडची फ्रेंच. घरात बोली तीच.

जमात शेतकऱ्यांची. कसावा (ज्याचा साबुदाणा होतो तो कंद), ज्वारी, नाचणी, मका, तीळ, भुईमूग ही पिके; जोडीला गुरे आणि शेळ्या. कसावाच्या पिठात ज्वारीचे किंवा नाचणीचे पीठ मिसळून घट्ट उंडा शिजवायचा आणि पालेभाजी किंवा तिळाच्या वाटणाबरोबर खायचा. घरे गोल, गवताने शाकारलेली. लग्न आपल्या कुळाबाहेर, आणि वराकडून वधूच्या घरी जनावरे जातात. काक्वांवर एकछत्री राजा कधी नव्हता. कुळाचा मुखिया असे आणि पाऊस पाडणाऱ्याचा मान मोठा. पाऊस ओढला की जाबही त्यालाच विचारला जाई. माझ्या मते तिथे धर्म आणि शेती वेगळी काढताच येत नाहीत, आणि मिशनऱ्यांना सर्वांत अवघड गेले असेल ते हेच.

मिशनऱ्यांच्या आगेमागेच रेम्बे हा काक्वा पुरुष गाजला. तो मंतरलेले पाणी प्यायला देई. गोऱ्यांच्या बंदुका त्यापुढे चालणार नाहीत, अशी लोकांची श्रद्धा बसली. शेजारच्या लुगबारांमध्येही हा पंथ पसरला. ब्रिटिशांनी रेम्बेला येई इथे फासावर दिले.

१९१८ मध्ये आफ्रिका इनलँड मिशन ही प्रॉटेस्टंट संस्था युगांडाच्या वायव्येतल्या आरुआ गावी आली आणि तिथे अँग्लिकन चर्चच्या छत्राखाली काम करू लागली. कॅथलिकांच्या बाजूने कोंबोनी या इटालियन संघाचे फादर होते. येईकडे अँग्लिकन चर्च मिशनरी सोसायटी. कोबोकोत मुस्लिम काक्वाही पुष्कळ, त्यामागे जुन्या नुबी, म्हणजे सुदानातून आलेल्या मुस्लिम, सैनिकांचा प्रभाव. एकाच कुळात नमाज आणि प्रार्थना दोन्ही चालतात.

शिक्षण उशिरा आले आणि पैसा त्याहून उशिरा. ब्रिटिशांनी पश्चिम नाईलकडे, म्हणजे युगांडाच्या या वायव्य कोपऱ्याकडे, सैन्यभरतीचा आणि मजुरांचा प्रदेश म्हणून पाहिले. तरुण पलटणीत गेले, नाहीतर दक्षिणेत काकिरा आणि लुगाझीच्या उसाच्या मळ्यांवर. हे मळे गुजराती उद्योजकांचे होते. अमीनही पलटणीच्या याच वाटेने वर आला.

१९७१ मध्ये त्याने सत्ता घेतली तेव्हा काक्वा अधिकाऱ्यांची चलती झाली. तरीही मार्च १९७४ मध्ये त्याच्याविरुद्ध उठाव केला तो चार्ल्स आरुबे या ख्रिस्ती काक्वा ब्रिगेडियरनेच. उठाव फसला, आरुबे मेला. वानी आर्चबिशप झाले ते वर्ष युगांडातील अँग्लिकन चर्चच्या शताब्दीचे, आणि त्याच वर्षी अमीनने कितीतरी ख्रिस्ती संघटनांवर बंदी घातली.

एप्रिल १९७९ मध्ये अमीन पळाला आणि सूड उगवला गेला तो साऱ्या पश्चिम नाईलवर. जून १९८१ मध्ये आरुआजवळच्या ओम्बाची मिशनमध्ये आसऱ्याला आलेल्या लोकांनाही सैनिकांनी गोळ्या घातल्या. हजारो काक्वा आणि लुगबारा सुदानात, झाईरमध्ये (आजच्या काँगोत) गेले. सीमेपलीकडे निदान भाषा कळणारे लोक होते. सुदानातल्या चर्चलाही निर्वासितपण नवे नव्हते. खार्टूमच्या सुदान सरकारने १९६४ मध्ये दक्षिणेतल्या परदेशी मिशनऱ्यांना हाकलले, तेव्हापासून तिथला कारभार स्थानिक पाळक आणि प्रचारकांवरच होता.

२०११ मध्ये दक्षिण सुदान स्वतंत्र झाला. जुलै २०१६ मध्ये राजधानी जुबात उसळलेली लढाई येईपर्यंत पोचली आणि लोंढा उलटा फिरला. येईकडचे काक्वा आणि पोजुलू युगांडात उतरले. युम्बे जिल्ह्यातल्या बिडी बिडी वसाहतीत काही महिन्यांतच अडीच लाखांहून अधिक निर्वासित जमले. त्यांना जागा देणाऱ्या भागातल्या कित्येक वयस्कांनी १९७९ नंतरची वर्षे येईकडे निर्वासित म्हणून काढली होती.