नायसिनची मोठी मात्रा आणि 2011 चा निर्णय

नायसिन या एका नावाखाली निकोटिनिक आम्ल आणि निकोटिनामाइड असे दोन रेणू येतात. शरीरात दोघांपासूनही एनएडी हे सहविकर तयार होते आणि पेशींतील शेकडो विक्रियांना ते लागते. त्यामुळे जीवनसत्त्व म्हणून विचार करताना दोघांत फरक करण्याचे फारसे कारण उरत नाही. औषध म्हणून मात्र त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. रोज एक ते तीन ग्रॅम निकोटिनिक आम्ल घेतल्यास रक्तातील एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) आणि ट्रायग्लिसराइड ही चरबी उतरतात व एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) वाढते. निकोटिनामाइडचा असा परिणाम होत नाही. ‘नायसिन’ हे नाव रूढ झाले ते 1940 च्या दशकात, पिठात हे जीवनसत्त्व मिसळले जाऊ लागल्यावर. ‘निकोटिनिक’ या शब्दाने लोकांना तंबाखूची आठवण होऊ नये, एवढाच त्यामागचा हेतू होता. तो साधला, पण दोन रेणूंचा गोंधळ कायमचा पाठीशी लागला.

नायसिनच्या कमतरतेने होणाऱ्या पेलाग्रा या आजाराचा इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून तो थोडक्यात सांगतो. मक्यावर जगणाऱ्या गरीब वस्त्यांतला हा आजार युरोपात 18 व्या शतकापासून नोंदला गेला आणि दीर्घकाळ संसर्गजन्य किंवा सडक्या धान्यामुळे होणारा मानला गेला. 1937 मध्ये कुत्र्यांतील ‘काळी जीभ’ हा त्याच्याशी मिळताजुळता आजार निकोटिनिक आम्लाने बरा होतो हे दिसले आणि कोडे सुटले. मक्यात नायसिन असते, परंतु ते बांधलेल्या रूपात असल्याने आतड्यांत नीट शोषले जात नाही; चुन्याच्या पाण्यात मका शिजवल्यास ते मोकळे होते. शिवाय शरीर ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासूनही नायसिन बनवते, साधारण 60 मिलिग्रॅमपासून 1 मिलिग्रॅम या प्रमाणात.

1955 मध्ये मोठ्या मात्रेतील निकोटिनिक आम्लाने कोलेस्टेरॉल उतरते अशी नोंद झाली आणि जीवनसत्त्वाचे औषध झाले. प्रौढ पुरुषाची रोजची गरज 16 मिलिग्रॅम आणि स्त्रीची 14 मिलिग्रॅम; उपचाराची मात्रा 3 ग्रॅमपर्यंत, म्हणजे गरजेच्या जवळपास दोनशेपट. एवढ्या मात्रेत चेहरा लाल होऊन आग होणे, रक्तातील साखर वाढणे, यकृताला इजा होणे हे सारे येते. चेहऱ्याची लाली प्रोस्टाग्लँडिन या शरीरातच बनणाऱ्या संदेशवाहक रेणूंमुळे येते आणि त्यांना चालना देणारा ग्राहक रेणू 2003 मध्ये ओळखला गेला. 1966 ते 1975 दरम्यान हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या पुरुषांवर झालेल्या मोठ्या चाचणीत निकोटिनिक आम्ल घेणाऱ्यांना प्राणघातक नसलेले झटके पुन्हा कमी आले. चाचणीच्या काळात एकूण मृत्यू घटले नव्हते. 15 वर्षांच्या पाठपुराव्यात मात्र ते 11 टक्क्यांनी कमी आढळले. त्या काळी कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिन औषधे नव्हती, हे पुढचा वाद समजण्यासाठी लक्षात ठेवावे लागते.

तो वाद 2011 चा. अमेरिका व कॅनडातील 3,414 रुग्णांवर चाललेली चाचणी त्या वर्षी, नियोजित मुदतीच्या सुमारे दीड वर्ष आधी थांबवण्यात आली. एचडीएल कमी असलेल्या या रुग्णांचे एलडीएल स्टॅटिनने दर डेसिलिटर रक्तात 40 ते 80 मिलिग्रॅमच्या दरम्यान राखले होते आणि एका गटाला त्यावर हळूहळू विरघळणारे नायसिन दिले होते. त्या गटाचे एचडीएल 35 वरून 42 वर गेले; तरीही हृदयविकाराचा झटका, पक्षाघात अशा मुख्य घटनांचे प्रमाण 16.4 टक्के, तर दुसऱ्या गटात 16.2 टक्के निघाले. लाभाची शक्यता उरली नाही, असे देखरेख समितीचे मत पडले. नायसिनच्या गटात इस्केमिक (मेंदूचा रक्तपुरवठा अडल्याने होणाऱ्या) पक्षाघाताच्या घटना किंचित जास्त दिसल्या होत्या, तोही विचार त्यात होता. निर्णय आकड्यांना धरून होता. तरी चाचणीची रचना पाहिली की आक्षेप निरर्थक वाटत नाहीत. लालीवरून कोणाला खरे औषध मिळते ते कळू नये म्हणून प्लासेबोच्या, म्हणजे तुलनेसाठी दिलेल्या दिखाऊ औषधाच्या, प्रत्येक गोळीतही 50 मिलिग्रॅम नायसिन घातले होते. तुलनेच्या गटाचे एलडीएल खाली ठेवण्यासाठी त्यांना स्टॅटिनच्या वाढीव मात्रा आणि दुसरे कोलेस्टेरॉलविरोधी औषधही अधिक प्रमाणात मिळत होते. एलडीएल आधीच पूर्ण आटोक्यात असताना एचडीएल आणखी वाढवून काही साधते का, या प्रश्नाचे उत्तर या चाचणीतून ‘नाही’ असे मिळाले. त्या उत्तरावरून औषधच निरुपयोगी ठरवणे ही पुढची उडी होती, आणि बातम्यांनी ती सहज मारली.

त्यानंतरच्या 25,673 रुग्णांच्या चाचणीने या आक्षेपांची पळवाट बरीच बंद केली. 2 ग्रॅम नायसिन आणि लाली रोखणारे औषध एकत्र देऊनही रक्तवाहिन्यांच्या मोठ्या घटना कमी झाल्या नाहीत. उलट मधुमेह, रक्तस्राव आणि संसर्ग वाढले. इस्केमिक पक्षाघाताची वाढ मात्र येथे दिसली नाही. लाली रोखणाऱ्या त्या जोड-औषधामुळे काही हानी झाली असावी, असे समर्थक अजूनही म्हणतात. युरोपात 2013 मध्ये ही जोडगोळी बाजारातून निघाली आणि 2016 मध्ये अमेरिकी औषध नियामकाने स्टॅटिनबरोबर नायसिन देण्याची मान्यता काढून घेतली.

निकोटिनामाइडची गोष्ट दरम्यान वेगळ्याच दिशेने चालू होती. 2015 मध्ये 386 जणांच्या चाचणीत, रोज दोनदा 500 मिलिग्रॅम घेणाऱ्यांत, मेलानोमा (रंगद्रव्य पेशींचा कर्करोग) सोडून इतर त्वचाकर्करोगांच्या नव्या गाठी 23 टक्क्यांनी कमी झाल्या. त्या सर्वांना असा कर्करोग आधी होऊन गेला होता, ही अट जाहिरातीत क्वचितच दिसते. 2024 मध्ये जादा नायसिनचे विघटन होताना बनणाऱ्या 4-पीवाय या पदार्थाचे रक्तातील प्रमाण जास्त असलेल्यांत हृदयविकाराच्या मोठ्या घटना अधिक आढळल्या. उंदरांत तो पदार्थ रक्तवाहिन्यांचा दाह वाढवतो असेही दिसले. माणसांतला हा पुरावा निरीक्षणाचा आहे. पण 4-पीवाय निकोटिनिक आम्लापासूनही बनतो आणि निकोटिनामाइडपासूनही, त्यामुळे औषधाच्या पातळीवर वेगळे झालेले दोन रेणू येथे पुन्हा एकाच नावाखाली तपासावे लागत आहेत.