नव्या रीफ टाकीतलं शेवाळ: आधी ओळखा, मग घासा

नवी रीफ टाकी, म्हणजे प्रवाळांसाठीची खाऱ्या पाण्याची टाकी, लावली की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पांढऱ्याशुभ्र वाळूवर तपकिरी भुकटी बसायला लागते. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. कोणी अर्धं पाणी बदलून टाकतं, कोणी दुकानदार देईल ती बाटली ओततं. ही भुकटी डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाची असते आणि तिच्यासाठी यातलं काहीच करायची गरज नसते. डायटम आपलं कवच सिलिकेटपासून बांधतात. वाळूतलं आणि पाण्यातलं सिलिकेट संपलं की काही आठवड्यांत ती ओसरते. काचेवर बोट फिरवलं की सहज पुसली जाते, ही तिची खूण.

दोन महिने झाले तरी ती हटत नसेल, तर मात्र दोष पाण्याचा. मुंबईत महापालिकेचं पाणी तानसा, वैतरणा, भातसा अशा तलावांतून येतं आणि त्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) बराच कमी असतो. त्यामुळे क्लोरीन उडवलं की झालं, असं वाटतं. पण सिलिका टीडीएस मीटरला जवळजवळ दिसतच नाही, कारण पाण्यात ती विद्युतभारित कणांच्या रूपात फारशी नसते. स्वयंपाकघरातला आरओही चालत नाही. त्यात बऱ्याचदा चवीसाठी खनिजं परत मिसळलेली असतात. हवा तो खनिजं न मिसळणारा आरओ आणि त्यापुढे उरलेले क्षार शोषणारं डीआय रेझिन. रेझिन संपत आलं की सगळ्यात आधी सिलिकाच निसटते, तेही मीटर ० दाखवत असताना. म्हणून आकडा वर चढायची वाट न पाहता रेझिन बदलावं. सोसायटीत टँकरचं किंवा बोअरिंगचं पाणी येत असेल तर रेझिन फारच लवकर संपतं. जुहू-वरळीहून समुद्राचं पाणी कॅनमध्ये भरून आणायचा विचारही नको. त्यात सांडपाणी असतं आणि पावसाळ्यात किनाऱ्याजवळची क्षारता खाली येते. २०० लिटरला साधारण ७ किलो मरीन मीठ लागतं, तेवढा खर्च करावा.

टाकीचं चक्र, म्हणजे अमोनिया पचवणाऱ्या जिवाणूंची वाढ, सुरू करायला बाजारातली कोळंबी टाकून कुजू देण्याची पद्धत अजून सर्रास चालते. अमोनिया मिळतो खरा, पण सोबत फॉस्फेटही मिळतं. त्यापेक्षा शुद्ध अमोनियम क्लोराइड बरं: २०० लिटरमध्ये सव्वा ग्रॅम घातलं की अमोनिया सुमारे २ पीपीएम (दशलक्षात २ भाग) होतो. किराणा दुकानातला नवसागर रासायनिकदृष्ट्या तोच, पण त्याच्या शुद्धतेची खात्री नसते. चक्र पुरं व्हायला ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर दिवे बंदच ठेवावेत. प्रवाळ नसताना तो प्रकाश फक्त शेवाळाच्या कामी येतो.

त्यानंतर येतं हिरवं केसाळ शेवाळ. ते दगडाला घट्ट धरून असतं, ओढलं की तंतू तुटतात आणि मूळ तिथेच राहतं. इथे हमखास फसगत होते ती टेस्ट किटची. फॉस्फेट ० दिसतं, कारण पाण्यात आलेलं फॉस्फेट शेवाळ लगेच पिऊन टाकतं. शिवाय कॅल्शियम कार्बोनेटचे दगड फॉस्फेट धरून ठेवतात आणि पाण्यात कमी झालं की हळूहळू सोडतात, त्यामुळे एका आठवड्यात निकाल लागत नाही. पंप बंद करून जुन्या टूथब्रशने घासायचं आणि सुटलेले तंतू त्याच वेळी बारीक नळीने सायफन करून बाहेर काढायचे. नाहीतर ते पुढच्या दगडावर जाऊन रुजतात. आठवड्याला १० ते १५ टक्के पाणी बदलावं, फ्रोजन खाणं गाळणीत धुऊन द्यावं, दिवे ७-८ तासच लावावेत. पश्चिमेच्या खिडकीतलं दुपारचं ऊन टाकीवर येत असेल तर आधी पडदा.

ट्रोकस किंवा टर्बो गोगलगायी अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आल्यावर, आणि खायला शेवाळ दिसू लागल्यावरच सोडाव्यात. रिकाम्या टाकीत त्या उपाशी मरतात आणि कुजून खत होतात.

लाल-जांभळी, चादरीसारखी उचलली जाणारी साय दिसली तर ते सायनो, म्हणजे सायनोबॅक्टेरिया. ते शेवाळ नसून जिवाणू आहेत. सायफन करावं, पाण्याचा प्रवाह वाढवावा. अँटिबायोटिक लगेच नको, त्याने उपयोगी जिवाणूंनाही धोका असतो.

खरा त्रास डायनोंचा, म्हणजे डायनोफ्लॅजेलेट या एकपेशीय जीवांचा. तपकिरी, शेंबडासारखे चिकट धागे, टोकांना हवेचे बुडबुडे. रात्री कमी होतात आणि दिवे लागले की परत हजर. लोक यांना डायटम समजून आणखी पाणी बदलतात, फॉस्फेट शोषणारं माध्यम भरतात, आणि तिथेच डाव उलटतो. नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर आलं की डायनोंशी स्पर्धा करणारे बाकीचे सूक्ष्मजीव मागे पडतात. शंका असेल तर थोडी साय बाटलीत घेऊन जोरात हलवा, टिश्यू पेपरमधून गाळा आणि खालचं पाणी तासभर दिव्याखाली ठेवा. त्यात पुन्हा धागे जमले तर बहुधा डायनोच.

उपाय ऐकायला विचित्र वाटतो: खत घाला. नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ पीपीएमपर्यंत हळूहळू चढवायचं. २०० लिटरमध्ये १ ग्रॅम शुद्ध पोटॅशियम नायट्रेट घातलं की नायट्रेट सुमारे ३ पीपीएमने वाढतं. पाणी बदलणं काही काळ थांबवावं. रात्री पाण्यात तरंगणाऱ्या जातींवर यूव्ही (पाणी अतिनील दिव्यापुढून नेणारं यंत्र) चालतो, वाळूत दडणाऱ्यांवर फारसा नाही. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली एकदा बघून मगच यूव्हीवर पैसे घालावेत. काही डायनो विषारी असतात आणि ते खाऊन गोगलगायी मरतात. म्हणून काचेवर पुन्हा साधा हिरवा थर धरेपर्यंत नव्या गोगलगायी आणू नयेत.