मेल सर्व्हरवर पासवर्ड तपासायचा कोणी?

पोस्टफिक्स या मेल पोचवणाऱ्या प्रोग्रॅमवर मेल सर्व्हर उभारणाऱ्यापुढे एक प्रश्न लवकरच येतो: लॉगिन तपासण्यासाठी सायरस सॅसल ही लायब्ररी घ्यायची की डव्हकॉट हा मेलबॉक्स सांभाळणारा प्रोग्रॅम? पोस्टफिक्स स्वतः पासवर्ड तपासत नाही. ते काम तो दुसऱ्या प्रोग्रॅमवर सोपवतो. असे का, हे मागे जाऊन पाहिले की निवडही सोपी होते.

जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये एसएमटीपी या मेल पाठवण्याच्या प्रोटोकॉलचा (नियमावलीचा) मसुदा आरएफसी ८२१ या इंटरनेट-दस्तऐवजात प्रसिद्ध केला, त्यात पासवर्डची सोयच नव्हती. नेटवर्कवरची यंत्रे मोजकी होती आणि एकमेकांची मेल पुढे पाठवणे ही सर्व्हरची साधी मदत मानली जाई. नव्वदच्या दशकात स्पॅमवाल्यांनी नेमक्या याच मोकळिकीचा फायदा उठवला, आणि कोणाचीही मेल कुठेही पोचवणारे 'ओपन रिले' बंद करणे भाग पडले. पण मग बाहेरून, बदलत्या आयपी पत्त्यावरून मेल पाठवणाऱ्या आपल्याच वापरकर्त्याला ओळखायचे कसे?

काही काळ 'पॉप बिफोर एसएमटीपी' हा तोडगा चालला. पॉप या मेल उतरवण्याच्या प्रोटोकॉलने लॉगिन करून मेल उतरवली की त्या आयपी पत्त्याला थोडा वेळ पाठवण्याची मुभा मिळे. मात्र त्याच पत्त्यामागे बसलेल्या इतरांनाही ती आपोआप मिळत असे, त्यामुळे ही तात्पुरती डागडुजीच होती.

खरा मार्ग जॉन मायर्स यांच्या कामातून निघाला. कार्नेगी मेलन विद्यापीठात असताना त्यांनी १९९४ मध्ये आयमॅप (मेल सर्व्हरवरच ठेवून वाचण्याचा प्रोटोकॉल) आणि पॉपसाठी लॉगिनची रीत लिहिली. १९९७ मध्ये तीच कल्पना सॅसल या नावाने कोणत्याही प्रोटोकॉलला जोडता येईल अशी झाली, आणि मार्च १९९९ मध्ये आरएफसी २५५४ ने एसएमटीपीलाही लॉगिन मिळाले. कार्नेगी मेलनच्याच सायरस प्रकल्पातून सॅसलची लायब्ररी आली आणि सेंडमेल, पोस्टफिक्स या मेल पोचवणाऱ्या प्रोग्रॅमांनी तीच जोडून घेतली. पोस्टफिक्समध्ये आजही सायरस हाच मूळ पर्याय असतो, त्याचे कारण हे.

माझ्या मते या इतिहासात सर्वांत महत्त्वाचा भाग पासवर्ड साठवण्याचा आहे. क्रॅम-एमडी५ सारख्या पद्धतीत पासवर्ड तारेवरून जातच नाही. सर्व्हर एक आव्हान पाठवतो, क्लायंट, म्हणजे वापरकर्त्याचा मेल प्रोग्रॅम, पासवर्ड वापरून त्याचे उत्तर काढतो. ऐकायला हे उत्तम वाटते. पण तेच उत्तर स्वतः काढून ताडायचे तर सर्व्हरकडे मूळ पासवर्ड किंवा त्याच्याच तोडीचे काहीतरी साठवलेले हवे. डेटाबेस चोरीला गेला की सगळेच गेले. याउलट 'प्लेन' पद्धतीत पासवर्ड जसाच्या तसा पाठवला जातो, पण सर्व्हरवर फक्त त्याचा हॅश (ज्यावरून मूळ पासवर्ड उलट काढता येत नाही असा ठसा) ठेवून भागते. १९९९ मध्येच एसएमटीपीसाठी स्टार्ट-टीएलएसही आले. जोडणीच कूटबद्ध झाल्यावर प्लेनमधला मोठा धोका गेला आणि पारडे त्याच्या बाजूला झुकले. पुढे २०१० मध्ये आलेल्या स्क्रॅम या पद्धतीने दोन्ही बाजू सांभाळल्या, पण मेल क्लायंटमध्ये त्याचा प्रसार मर्यादितच राहिला.

सायरसचा सॅसलऑथडी हा डीमन (पाठीमागे चालत राहणारा प्रोग्रॅम) नाव आणि पासवर्ड घेऊन पॅम (लिनक्सची लॉगिन-व्यवस्था) किंवा एलडॅपला (वापरकर्त्यांच्या सामाईक यादीला) विचारतो. म्हणजे त्याला उघडा पासवर्ड लागतो, तेव्हा त्याच्याबरोबर क्रॅम-एमडी५ चालूच शकत नाही. तरीही सर्व्हर प्लेन आणि क्रॅम दोन्ही जाहीर करतो, क्लायंट क्रॅम निवडतो आणि लॉगिन फसते. हा घोळ कित्येकांनी तासन्‌तास शोधला असेल. भरीला पोस्टफिक्स क्रूटमध्ये (एका फोल्डरपुरता कोंडलेला) चालत असेल, तर सॅसलऑथडीचे सॉकेट (त्याच्याशी बोलण्याची फाइल) त्याला दिसतच नाही.

टिमो सिराइनेन यांचा डव्हकॉट २००२ मध्ये आला तो मुळात आयमॅप आणि पॉपसाठी. त्यात लॉगिन तपासणारी प्रोसेस वेगळी ठेवलेली होती. २००६ मध्ये पोस्टफिक्स २.३ ने थेट तिच्याशीच बोलायला सुरुवात केली, नंतर एक्झिम या दुसऱ्या मेल सर्व्हरनेही ती सोय दिली. मेल वाचणे आणि पाठवणे या दोन्हींसाठी पासवर्ड एकाच जागी, एकाच नियमाने तपासला जाऊ लागला. दोन ठिकाणच्या मांडणीत तफावत पडण्याची कटकट संपली. मेलबॉक्ससाठी डव्हकॉट आधीच चालू असेल, तर लॉगिनही त्याच्याकडेच द्यावे, असे मी ठामपणे म्हणेन. मोठ्या पुरवठादारांनी साध्या पासवर्डऐवजी ओऑथचा (पासवर्डऐवजी टोकन देऊन ओळख पटवण्याच्या पद्धतीचा) आग्रह धरला आहे. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२२ पासून एक्सचेंज ऑनलाइन या आपल्या मेल सेवेवर आयमॅप आणि पॉपसाठीचे साधे लॉगिन बंद करायला घेतले. डव्हकॉटमध्ये ओऑथचीही सोय आहे.

सायरसची जागा तरीही उरतेच. ज्या सर्व्हरवर मेलबॉक्स नाहीत आणि लॉगिन केर्बेरॉस या तिकिटांवर चालणाऱ्या ओळख-व्यवस्थेवर चालते, तिथे तोच सरळ पडतो. शिवाय पोस्टफिक्सला स्वतःच दुसऱ्या सर्व्हरवर लॉगिन करून मेल पुढे पाठवायची असेल, तर डव्हकॉटचा उपयोग नाही, कारण पोस्टफिक्सला तो फक्त येणाऱ्यांची ओळख तपासून देतो. त्या कामासाठी सायरसची लायब्ररी आणि हव्या त्या पद्धतीचे प्लगइन बसवावेच लागते.