जॉन सील : ऑपरेटरचा डोळा

‘मॅड मॅक्स : फ्युरी रोड’चं चित्रीकरण नामिबियाच्या वाळवंटात २०१२ साली झालं, तेव्हा छायालेखक जॉन सील सत्तरीला टेकले होते. निवृत्ती घेऊन झाली होती, आणि डिजिटल कॅमेऱ्यावर अख्खा चित्रपट त्यांनी तोवर केला नव्हता.

सील मूळचे ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यातल्या वॉरविकचे, जन्म १९४२चा. तरुणपणी काही काळ आडरानातल्या गुराढोरांच्या फार्मवर राबले आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला एबीसी या सरकारी प्रसारण संस्थेच्या फिल्म विभागात लागले. शिक्षण झालं ते तिथल्या कामातच.

सत्तरच्या दशकात सरकारी पैशाच्या आधारानं ऑस्ट्रेलियन सिनेमानं पुन्हा बाळसं धरलं. ‘पिकनिक ॲट हँगिंग रॉक’ (१९७५) हा दिग्दर्शक पीटर वीअरचा चित्रपट त्याच लाटेतला. त्याचा छायालेखक रसेल बॉइड. भिंगावर नवरीच्या ओढणीची जाळी लावून त्यानं ते धूसर ऊन पकडलं. कॅमेरा ऑपरेटर मात्र सील. ‘गॅलिपोली’लाही (१९८१) हीच जोडी होती. प्रकाश ठरवतो छायालेखक, पण चौकटीतून नटाकडे अखंड बघत असतो तो ऑपरेटर. माझ्या मते सील यांची पुढची सगळी कारकीर्द या सवयीतून उमगते.

वीअरनं ‘विटनेस’साठी (१९८५) त्यांना अमेरिकेत नेलं. अमिश या जुन्या साध्या पद्धतीनं राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या वस्तीतल्या घरांत खिडकीतून तिरपा येणारा उजेड पाहताना डच चित्रकार व्हर्मीअरची चित्रं आठवतात. पहिलं ऑस्कर नामांकन इथलंच. मग ‘रेन मॅन’ आणि ‘डेड पोएट्स सोसायटी’ आले. ‘द इंग्लिश पेशंट’नं (१९९६) ऑस्कर मिळवून दिलं, तरी त्या ट्युनिशियातल्या वाळूच्या लाटांपेक्षा त्यातले चेहरे मला अधिक लक्षात राहिले आहेत.

एकापेक्षा जास्त कॅमेरे आणि झूम भिंगं त्यांना प्रिय. शुद्धतावादी यावर नाक मुरडतात. पण नटाचा एखादा क्षण दुसऱ्यांदा तसाच येत नाही. ‘फ्युरी रोड’ला ही सवय फळली. बऱ्याच कॅमेऱ्यांतून मिळून जवळपास ४८० तासांचं चित्रीकरण जमलं आणि संकलक मार्गारेट सिक्सेलनं त्यातून दोन तासांचा चित्रपट काढला. दिग्दर्शक जॉर्ज मिलरचा आग्रह एकच : नजर जायला हवी ती गोष्ट चौकटीच्या मधोमध हवी, म्हणजे झपाझप बदलणाऱ्या दृश्यांत प्रेक्षक हरवणार नाही. रात्रीचे प्रसंग भर दिवसा मुद्दाम जास्त उजळ चित्रित करून नंतर निळसर, काळोखे केले. चित्रपटाला सहा ऑस्कर मिळाले. छायालेखनाचं मात्र नामांकनावरच थांबलं.

त्याआधी २००४च्या ऑस्करला ‘कोल्ड माउंटन’साठी सील यांचं नामांकन होतं. तिथे ऑस्करची बाहुली गेली ‘मास्टर अँड कमांडर’च्या छायालेखकाकडे. चित्रपट वीअरचा, आणि छायालेखक रसेल बॉइड.