झाडतोड, घराच्या आवारातील (सोलापूर)

घराच्या आवारातले झाड करवतीने किंवा चेनसॉने (साखळीच्या यंत्रकरवतीने), माणसांना आणि बांधकामाला धक्का न लागता उतरवण्याची पद्धत. सोलापुरात हे काम बहुधा वळवाच्या तोंडावर निघते. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी सुटणाऱ्या वादळी वाऱ्याला गुलमोहर, पेल्टोफोरम, सुबाभूळ ही झाडे पहिली बळी पडतात. लाकूड ठिसूळ हे त्याचे एक कारण, जमीन हे दुसरे. शहराच्या बऱ्याच भागात काळ्या मातीचा थर उथळ असून खाली मुरूम आणि काळा पाषाण लागतो, त्यामुळे मुळे खोल न जाता आडवी पसरतात.

झाड स्वतःच्या जागेत असले तरी महापालिका हद्दीत ते तोडण्यासाठी महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ प्रमाणे परवानगी लागते. वाळलेल्या किंवा धोकादायक झाडासाठीही अर्ज करावाच लागतो. २०२१च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षे वा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष मानून अधिक संरक्षण दिले आहे.

आधी पाहणी. हाताच्या लांबीएवढी काठी हात सरळ करून उभी धरावी आणि काठीचे शेंडा-बूड झाडाच्या शेंड्या-बुंध्याशी जुळेपर्यंत मागे सरकावे; तिथून बुंध्यापर्यंतचे अंतर म्हणजे झाडाची उंची. झुकाव दोन बाजूंनी पाहावा. कुऱ्हाडीच्या पाठीने खोड ठोकून बद्द आवाज आला तर आत पोकळ आहे असे समजावे. मधमाश्यांचे मोहोळ आणि वीजतारा शोधाव्यात. तार फांदीच्या टप्प्यात असेल तर महावितरणकडून पुरवठा बंद करून घेतल्याशिवाय करवत लावू नये; ओली फांदी वीज वाहून नेते.

झाड पाडताना त्याच्या उंचीच्या दुप्पट अंतरात कोणी असू नये. म्हणजे दहा मीटरच्या कडुनिंबाला सर्व बाजूंनी वीस मीटर मोकळीक हवी. जुळे सोलापूर किंवा विजापूर रोडकडच्या प्लॉटवर कंपाउंडची भिंत आणि शेजाऱ्याचे पत्रे धरून एवढी जागा सहसा मिळत नाही. म्हणून इथे झाड अखंड पाडायचे नसते, शेंड्याकडून तुकड्यातुकड्याने उतरवायचे असते. वर हातकरवत आणि खाली मशीन, ही वाटणी घरगुती कामात मोडू नये. शिडीवरून चेनसॉ चालवणे तर साफ चूक. सुटलेली फांदी शिडीलाच धडकते, आणि मशीनला दोन्ही हात लागत असल्याने तोल सावरायला हात उरत नाही. शेवग्यावर चढायचेच नाही. त्याची जाड दिसणारी फांदीही न कुरकुरता मोडते.

फांदी तीन कापांत उतरते. बुंध्यापासून साधारण ३० सेंमीवर खालून एक तृतीयांश काप, त्याच्या थोडे पुढे वरून पूर्ण काप, आणि मग उरलेला खुंट फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगीर कड्याच्या बाहेरून कापायचा. खालचा काप टाळला तर फांदी आपल्या वजनाने लोंबते आणि बुंध्याची साल हातभर सोलून नेते. जड फांदी आधी दोराने वरच्या मजबूत बेचक्यातून बांधावी आणि कापल्यावर खालच्या माणसाने दोर सैल सोडत ती उतरवावी. दोर हाताला गुंडाळू नये.

फांद्या गेल्यावर उरलेले खोड पाडताना सगळी मदार बिजागरीवर असते. पडण्याच्या बाजूला आधी खाच घ्यायची. तिची खोली खोडाच्या जाडीच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शाएवढी आणि कोन सुमारे ७० अंश. मग मागून पाठकाप घ्यायचा, पण खाचेपर्यंत न्यायचा नाही. मध्ये जाडीच्या दहाव्या हिश्शाएवढी लाकडाची सलग पट्टी ठेवायची. घेर सव्वाशे सेंमी असलेले खोड सुमारे ४० सेंमी जाड भरते. त्याला खाच ८ ते १० सेंमी आणि पट्टी ४ सेंमी. ही पट्टी म्हणजेच बिजागरी; तीच पडत्या खोडाला वळण देते. ती पूर्ण कापली की खोड कुठेही जाते. एका बाजूला पातळ झाली तर जाड बाजूकडे ओढले जाते. पाठकापात वेळीच प्लास्टिकची किंवा लाकडी पाचर ठोकावी, नाहीतर बार (साखळी ज्याभोवती फिरते ते चेनसॉचे पाते) चिमटतो. लोखंडी पाचरीवर साखळी लागली तर दात जातात. फार झुकलेल्या खोडात साधा पाठकाप घातक ठरतो: खोड उभे फाटते आणि फाटलेला भाग मागे उसळतो. असे झाड अनुभवी माणसाकडेच द्यावे. खोड हलू लागताच मशीन बंद करून मागे तिरके, आधी साफ ठेवलेल्या वाटेने दूर व्हावे.

चेनसॉचा सर्वांत वाईट अपघात बारच्या टोकाच्या वरच्या भागाने होतो. तो कशाला टेकला की मशीन क्षणात चेहऱ्याकडे उसळते. म्हणून साखळीचा ब्रेक रोज तपासावा, डाव्या हाताचा अंगठा पुढच्या मुठीखाली ठेवावा आणि खांद्याच्या वर कापू नये. दोन-स्ट्रोक इंजिनाला बहुतेक कंपन्या लिटर पेट्रोलला २० मिली टू-टी ऑइल सांगतात. साखळीचे तेल वेगळे. कापातून जाड ढलप्यांऐवजी बारीक भुकटी येऊ लागली की साखळी बोथट झाली. मग जोर लावण्यापेक्षा कानस काढावी. हेल्मेट, चष्मा, कानबंद आणि चेनसॉसाठीची संरक्षक पँट घालावी. गळ्यातला टॉवेल आधी काढून ठेवावा.

वादळात पडलेले झाड उभ्यापेक्षा फसवे असते. वाकलेल्या खोडाच्या दबलेल्या बाजूला आधी उथळ काप, मग ताणलेल्या बाजूने पूर्ण काप. उलट केले तर खोड फाटून उसळते. खोड कापताच उपटलेले मूळ पुन्हा खड्ड्यात बसते, त्यामुळे त्या खड्ड्यात किंवा मुळामागे कोणी उभे राहू नये.

जोत्याला लागून असलेले जुने झाड काढल्यावर मुळे शोषत असलेले पाणी मातीतच राहते. पुढच्या पावसाळ्यात काळी माती फुगते, फरशी उचलते, भिंतीला तडे जातात. अशा ठिकाणी आधी बांधकाम अभियंत्याला दाखवावे. सुबाभूळ आणि कडुनिंब बुडख्यातून पुन्हा फुटतात. बुडखा उपटायचा असेल तर मीटरभर खोड शिल्लक ठेवावे, दोर बांधून ओढायला तेवढी पकड लागते. जमीन मात्र पहिल्या पावसाने नरम झाल्यावरच खणावी. मे महिन्यात टिकाव उडतो.