दोन रेणूरचना, एक फाइल : एकत्रीकरणातल्या घोळाची पार्श्वभूमी

प्रथिनाची रचना उघडली, शेजारी लिगँड (प्रथिनाला चिकटणारा लहान रेणू) आणला, हाताने फिरवून खाचेत बसवला आणि दोन्ही मिळून एक फाइल सेव्ह केली. ती पुन्हा उघडली तर लिगँड भलतीकडेच, नाहीतर एकाच नावाच्या दोन साखळ्या (प्रथिनातले अमिनो आम्लांचे धागे) एकमेकींत मिसळलेल्या, नाहीतर अर्धी रचनाच दिसेनाशी. दोष सॉफ्टवेअरला दिला जातो. पण यातल्या बहुतेक तक्रारींचे मूळ फाइलच्या स्वरूपात आहे आणि ते स्वरूप पडद्यावर रेणू फिरू लागण्याच्या फार आधी ठरले.

पीडीबी, म्हणजे प्रोटीन डेटा बँक या रेणूरचनांच्या साठ्याचे फाइल-स्वरूप, १९७०च्या दशकातले, पंचकार्डांच्या मापाचे : ओळीत ८० रकाने आणि प्रत्येक गोष्टीची जागा पक्की. अणूच्या क्रमांकाला पाच रकाने, म्हणजे ९९,९९९ वर मोजणी संपली. अमिनो आम्लाच्या क्रमांकाला चार. साखळीच्या नावाला एकच, बाविसावा. मोठी व लहान इंग्रजी अक्षरे आणि अंक धरले तरी ६२ साखळ्यांनंतर नावेच उरत नाहीत. एक रचना, एक फाइल असा तो काळ होता. दुसरी रचना आणून तीत मिसळायची गरज पडेल असे तेव्हा कोणाला वाटायचे कारण नव्हते.

खरा वाद आहे तो ‘मॉडेल’ या नोंदीचा. ही नोंद, म्हणजे फाइलीत अणूंच्या एका संचाची सुरुवात दाखवणारी ओळ, आली एनएमआरसाठी (चुंबकीय अनुस्पंदनाने रचना शोधायची पद्धत). तिथे एकाच रेणूच्या वीसेक पर्यायी मांडण्या एका फाइलीत द्याव्या लागतात, म्हणून प्रत्येक मांडणी आपापल्या मॉडेलमध्ये. अर्थ स्पष्ट होता : हे सगळे एकच आहेत, एका वेळी एक पाहा. पुढे स्फटिकातल्या रचनांचे जैविक संघटन (रेणूचे प्रत्यक्ष काम करणारे पूर्ण रूप) फाइलरूपात द्यायची वेळ आली. स्फटिकाच्या असममित एककात (ज्याच्या प्रतींनी सगळा स्फटिक बनतो त्या सर्वांत लहान भागात) पुष्कळदा रेणूचा एक भागच असतो, उरलेला सममितीने मिळतो. त्या प्रतींना नवी साखळीनावे द्यायची, की जुनीच ठेवून प्रती वेगवेगळ्या मॉडेलमध्ये टाकायच्या? निर्णय दुसरा झाला.

ऑक्सिहिमोग्लोबिनची १एचएचओ ही साठ्यातली नोंद घ्या. मूळ फाइलीत ए आणि बी या दोनच साखळ्या, म्हणजे अर्धा रेणू. संघटनाच्या फाइलीत चारही साखळ्या आहेत, पण मॉडेल १ मध्ये ए-बी आणि मॉडेल २ मध्येही ए-बीच. पायमोल हे रेणू पाहायचे सॉफ्टवेअर मॉडेलांना एकाच वस्तूच्या ‘अवस्था’ समजते आणि पहिलीच दाखवते, त्यामुळे हिमोग्लोबिन अर्धेच दिसते. सगळ्या अवस्था दाखवा असे सांगावे लागते किंवा त्या फोडून घ्याव्या लागतात. कायमेरा हे तसलेच दुसरे सॉफ्टवेअर त्याच फाइलीची दोन उपमॉडेले करते आणि दोन्ही दाखवते. मात्र हायड्रोजन बंध शोधताना मॉडेलच्या आतले की दोन मॉडेलांमधले, हा प्रश्न तिथे निघतोच. फाइल एकच, पण दोन सॉफ्टवेअरनी तिचे दोन अर्थ लावले आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर.

या निर्णयाच्या बाजूने सांगितले जाते ते असे, की साखळीचे नाव शोधनिबंधातल्या नावाशी जुळते राहते. मुद्दा खरा आहे, पण त्याची किंमत फार मोठी पडली. ‘पर्याय’ आणि ‘भाग’ यांना एकच खूण मिळाली आणि आतल्या अणूंकडे पाहिल्याशिवाय कोणत्याही सॉफ्टवेअरला त्यांतला फरक कळू शकत नाही. म्हणूनच दोन रचना नुसत्या एकत्र सेव्ह करणे आणि आधी जोडून मग सेव्ह करणे या वेगळ्या गोष्टी आहेत. कायमेरात पहिल्या रीतीने दोन मॉडेले असलेली फाइल बनते. जोडणीच्या आज्ञेने एकच मॉडेल बनते आणि आदळणारी साखळीनावे बदलली जातात. डॉकिंग (लिगँड खाचेत कसा बसेल याचा संगणकी अंदाज) किंवा सिम्युलेशनला (रेणूच्या हालचालींची संगणकी नक्कल) बहुधा हे दुसरेच हवे असते.

लिगँड जागा सोडतो त्याचे कारण वेगळे. पडद्यावर मॉडेल, म्हणजे उघडलेली रचना, हलवले तरी अणूंचे मूळ निर्देशांक (जागा सांगणारे आकडे) तसेच राहू शकतात, बदलते ती त्यांवर लावलेली रूपांतराची मॅट्रिक्स (किती फिरवले-सरकवले हे सांगणारा आकड्यांचा तक्ता). पीडीबी फाइलीत मॉडेलागणिक वेगळी मॅट्रिक्स ठेवायची रीत नाही, सेव्ह करतानाच ती निर्देशांकांत मुरवावी लागते. ‘अमुक मॉडेलच्या सापेक्ष सेव्ह करा’ हा पर्याय आला तो त्यासाठीच. सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या सत्राच्या (सेशन) फाइलीत मॅट्रिक्स, रंग, दृश्य सगळे टिकते, पण ती फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या कामाची नसते.

बांध फुटला तो मोठ्या रचनांनी. रायबोसोमची (पेशीतल्या प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेची) एकेक रचना अनेक नोंदींत तोडून ठेवावी लागे आणि वाचकाने ती पडद्यावर पुन्हा जुळवायची. २०१३ मध्ये आलेल्या एचआयव्ही कॅप्सिडच्या (विषाणूच्या प्रथिनी कवचाच्या) प्रारूपात सुमारे २४ लाख अणू होते. एमएमसीआयएफ हे रकान्यांच्या मर्यादा नसलेले स्वरूप १९९७ पासून तयार होते, तरी तोडलेल्या नोंदी त्यात एकसंध व्हायला २०१४ उजाडले. जुलै २०१९ पासून स्फटिकरचना दाखल करताना तेच सक्तीचे झाले. त्यात प्रत्येक साखळीला दोन नावे असतात, एक संशोधकाने दिलेले आणि एक साठ्याने दिलेले. पायमोल पहिल्याला ‘चेन’ आणि दुसऱ्याला ‘सेगमेंट’ म्हणून घेते. लिगँड आणि पाणी यांना साठ्याकडून स्वतंत्र नावे मिळतात, त्यामुळे जोडणीआधी आपण कोणते नाव वापरतो आहोत हे पाहावेच लागते. संघटनाच्या नव्या फाइलींत सममितीने आलेल्या प्रतीला ‘ए-२’ असे वेगळे नाव असते. मॉडेलांच्या निर्णयावर जो आक्षेप होता, त्याचे उत्तर इतक्या उशिरा मिळाले.

जुने स्वरूप तरीही वापरातून गेलेले नाही, कारण कित्येक डॉकिंग साधने आजही तेच मागतात. २०२३ मध्ये लिगँडांची तीन अक्षरी नावे संपली आणि पाच अक्षरी नावे सुरू झाली. अशा नोंदींची पीडीबी फाइल साठ्याकडून मिळत नाही. असा लिगँड प्रथिनाला जोडून पीडीबीत सेव्ह करायचा तर त्याला आधी तीन अक्षरी नाव द्यावे लागते, आणि मूळ नाव कोणते होते याची नोंद ज्याची त्याने ठेवायची.