मोरबाथच्या मेंढ्या

फेब्रुवारी २०१९ मध्ये चर्च ऑफ इंग्लंडच्या जनरल सिनॉडने, म्हणजे त्याच्या सर्वोच्च धर्मसभेने, चारशे वर्षांचा एक नियम सैल केला. प्रत्येक पॅरिश चर्चमध्ये दर रविवारी उपासना व्हायलाच हवी, असा तो नियम होता. खेड्यांमध्ये तो पाळणं केव्हाच अशक्य झालं होतं. एकेका व्हिकरच्या, म्हणजे गावच्या पाद्र्याच्या, गळ्यात पाच-सहा गावं, कुठे दहाच्या वर, आणि रविवारची सकाळ मात्र एकच. नियम बदलला म्हणजे कागद प्रत्यक्षाला येऊन मिळाला, एवढंच.

चर्चच्या पोर्चमधल्या फलकावर हे आधीपासून दिसतच होतं. पहिल्या रविवारी साडेनऊला प्रभुभोजन (पाव आणि द्राक्षारसाची उपासना), दुसऱ्या रविवारी शेजारच्या गावात, तिसऱ्याला संध्याकाळची प्रार्थना, आणि महिन्यात पाचवा रविवार आलाच तर सगळ्या गावांची मिळून एक उपासना. त्याच फलकावर आणखी एक कागद टाचलेला असतो. फुलं सजवायची पाळी कोणाची, पितळेच्या समया कोण घासणार, शास्त्रवाचन कोणाकडे, थडग्यांमधलं गवत कोण कापणार. पहिला कागद व्हिकरचा, दुसरा गावाचा. इतिहासात शिरायचं तर दुसऱ्या कागदाचं बोट धरावं. तो जास्त जुना आहे.

पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतली वस्ती. वसईकडचे ख्रिस्ती लोक तिला धर्मग्राम म्हणतात, आणि शब्द नेमका आहे. इंग्लंडमध्ये साधारण दहाव्या ते बाराव्या शतकात ही हद्द पक्की होत गेली. त्यामागे श्रद्धा होती तसाच पैसाही होता. शेतात पिकलेल्याचा, गोठ्यात जन्मलेल्याचा दहावा हिस्सा चर्चला द्यायचा, हे राजा एडगरच्या काळात कायद्याने बंधनकारक झालं. मग कोणत्या शेताचा दहावा हिस्सा कोणत्या चर्चला, हे ठरवायला हद्दी लागल्याच. आपल्याकडच्या बलुत्यासारखंच हे धान्याचं देणं होतं. फरक असा की बलुतेदार बारा आणि इथे घेणारा एक. शिवाय पाद्र्याच्या नावे चर्चची जमीन असे, ती आपल्या देवस्थान इनामाच्या जवळची गोष्ट.

इमारतीचीही वाटणी होती. वेदीकडचा भाग रेक्टरने, म्हणजे दहावा हिस्सा ज्याला मिळे त्याने, राखायचा, लोक उभे राहतात तो भाग गावाने. ही वाटणी मेली आहे असं समजू नका. वॉरिकशायरमधल्या अॅस्टन कँटलो गावातल्या एका जोडप्याच्या शेतजमिनीला रेक्टरची ही जुनी जबाबदारी चिकटलेली होती. चर्चच्या त्या भागाच्या दुरुस्तीचं बिल तुम्हीच भरा, असा निकाल हाऊस ऑफ लॉर्ड्सने २००३ मध्ये दिला.

गावाच्या वाट्याचं काम कसं चालायचं, हे पाहायला मोरबाथइतकं चांगलं गाव नाही. इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडच्या डेव्हन परगण्याच्या उत्तर भागात, एक्समूरच्या माळरानाच्या कडेला, सोळाव्या शतकात जेमतेम तेहतीस कुटुंबांचं हे खेडं. १५२० मध्ये तिथे ख्रिस्तोफर ट्रिकी नावाचा पाद्री आला आणि १५७४ मध्ये मरेपर्यंत चोपन्न वर्षं तिथेच राहिला. त्याला हिशोब लिहायची हौस होती. ते हिशोब गावापुढे मोठ्याने वाचून दाखवायचे असत, त्यामुळे त्यात आकड्यांच्या मधून माणसं बोलतात. कोणी काय दिलं, कोणाचं देणं राहिलं, कोणत्या भांडणात तडजोड झाली.

मोरबाथच्या चर्चमध्ये प्रत्येक संताच्या मूर्तीपुढे दिवा जळे, आणि त्या दिव्याच्या मेणाची सोय मेंढ्यांमधून होई. मेंढ्या संतांच्या मालकीच्या. पण संत काही चरायला नेणार नाही, म्हणून त्या घरोघर वाटून दिलेल्या. या घरी सेंट जॉर्जची मेंढी, त्या घरी माऊली मारियेची. कुठली मेंढी कोणाकडे आहे, कुठली मेली, लोकर किती निघाली, हे वर्षाच्या वर्षाला वाचलं जाई. देवाच्या नावाने जनावर सोडणाऱ्या आपल्या गावांना यात नवल वाटणार नाही. तरुण पोरांचा वेगळा निधी, कुमारिकांचा वेगळा, आणि प्रत्येकाचे आपापले वॉर्डन, म्हणजे निधी सांभाळणारे कारभारी. पाळी येई तशी गरीब घरंही हे काम करत, बायकाही करत. वर्षातून काही वेळा चर्चच्या घरात बीअर गाळून मेजवानी भरे आणि तिच्या नफ्यातून छप्पर शाकारलं जाई. म्हणजे जत्रा आणि जीर्णोद्धार फंड एकाच पिंपातून.

ट्रिकीची एक इच्छा होती. मृतांसाठीच्या मिस्सेला (कॅथलिक प्रभुभोजनाच्या उपासनेला) काळ्या रंगाची चांगली वस्त्रं हवीत. त्यासाठी वीस वर्षं पै-पै साठवली गेली, आणि १५४७ मध्ये ती वस्त्रं एकदाची आली. त्याच वर्षी जानेवारीत आठवा हेन्री वारला होता. नऊ वर्षांच्या सहाव्या एडवर्डच्या नावाने कारभार करणाऱ्यांनी मृतांसाठीची ती सगळी उपासनाच मोडीत काढायला घेतली. मूर्ती आणि दिवे गेले, मेंढ्या विकल्या गेल्या. धर्मसुधारणेच्या पुस्तकांत या काळाबद्दल तत्त्वज्ञानाची पानंच्या पानं आहेत. मोरबाथच्या वहीत मात्र एक भरलेली तिजोरी दोन-तीन वर्षांत रिकामी होताना दिसते. मला ही वही जास्त बोलकी वाटते. गावाने कोणतं मत सोडलं हे तिच्यात नाही, गावाला एकत्र बसायचं कारण कसं उरलं नाही हे आहे.

मग आलं पुस्तक. आर्चबिशप थॉमस क्रॅनमरने लॅटिनऐवजी इंग्रजीत सिद्ध केलेला प्रार्थनाग्रंथ ९ जून १५४९ च्या पेंटेकॉस्टच्या सणापासून देशभर सक्तीचा झाला. डेव्हनमधल्याच सॅम्पफर्ड कोर्टने गावात पाद्र्याने त्या रविवारी नवी उपासना केली. सोमवारी गावकऱ्यांनी त्याला जुनी वस्त्रं चढवायला लावून जुनी मिस्सा म्हणायला लावली. बंड पेटलं आणि एक्झेटर शहराला वेढा पडला. शेजारच्या कॉर्नवॉलमध्ये अजून कॉर्निश भाषा बोलली जाई; तिथल्या बंडखोरांनी तर लिहून दिलं की आमच्यातल्या काहींना इंग्रजी कळतच नाही, तुमची ही नवी इंग्रजी उपासना आम्हाला नको. लोकांच्या भाषेत प्रार्थना आणली म्हणून बंड, हे विचित्र वाटतं खरं. पण कोणत्या लोकांची भाषा, हा प्रश्न लंडनमध्ये कोणी विचारलाच नव्हता. मोरबाथने आपली पाच तरुण पोरं खर्चाला पैसे देऊन त्या बंडात पाठवली. सरकारी फौजेने बंड चिरडलं, हजारो माणसं मेली. ट्रिकी मात्र जागचा हलला नाही. मेरी राणीच्या काळात जुना कॅथलिक धर्म परत आला, एलिझाबेथच्या काळात पुन्हा गेला, आणि हाच पाद्री शेवटी प्रोटेस्टंट व्हिकर म्हणून मेला. कोणी याला लवचीकपणा म्हणेल, कोणी लाचारी. गाव सोडून जायचं नाही, एवढं त्याने ठरवलं असावं.

ज्या पुस्तकावरून रक्त सांडलं तेच पुढे खेड्याची बोली झालं. १६६२ मध्ये त्याला कायमचं रूप मिळालं, आणि पुढची तीनशे वर्षं लग्नात, बारशाला, मातीला तेच शब्द म्हटले गेले. अजूनही अनेक गावांत सकाळी आठ वाजता, गाण्याविना, पाच-सहा म्हाताऱ्या माणसांची १६६२ च्या पुस्तकातली उपासना होते. एक गोष्ट मात्र आपण विसरतो. जुन्या काळी खेड्यात प्रभुभोजन वर्षातून तीन-चार वेळाच होई. एरवी रविवार म्हणजे सकाळची प्रार्थना आणि लांबलचक प्रवचन. दर आठवड्याला प्रभुभोजन ही मुख्य उपासना होणं हे विसाव्या शतकातलं आहे, आणि आजची अडचणही तिथूनच येते. प्रार्थना कोणीही चालवू शकतो, प्रभुभोजनाला दीक्षित धर्मगुरूच लागतो.

दरम्यान चर्च ग्रामपंचायतही झालं होतं. वह्या ठेवायची शिस्त आधीपासून होतीच. १५३८ पासून बाप्तिस्मे, लग्नं, दफनं यांची नोंद पाद्र्याने करायची होती. १६०१ च्या गरीब कायद्याने गोरगरिबांना पोसायची जबाबदारीही पॅरिशवर टाकली. वॉर्डन आणि त्याच्या जोडीचे लोक घरोघर कर गोळा करत आणि विधवांना, अनाथांना वाटत. कोण आपला आणि कोण परगावचा, यावर भरपूर निष्ठुरपणाही होई. या बैठका चर्चच्या वस्त्रागारात भरत, म्हणून त्यांना व्हेस्ट्री हेच नाव पडलं.

एकोणिसाव्या शतकात हे सगळं एकेक करून काढून घेतलं गेलं. १८३४ मध्ये गरिबांचं काम गेलं, १८३६ मध्ये धान्याच्या दहाव्या हिश्शाची रोकड झाली, १८३७ मध्ये जन्ममृत्यूची नोंद सरकारकडे गेली, १८६८ मध्ये चर्चकराची सक्ती उठली, आणि १८९४ मध्ये निवडून आलेली पॅरिश कौन्सिलं स्थापन होऊन चर्च आणि पंचायत यांची फारकत पुरी झाली. मधे १८५१ च्या शिरगणतीबरोबर एका रविवारची उपासनेची हजेरीही मोजली गेली. आलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे लोक मेथडिस्ट वगैरे इतर पंथांच्या चॅपलांमध्ये होते, आणि कुठेच न गेलेले लाखो लोक होतेच.

कारभार गेल्यावर व्हिकरांनी उपासनेकडे मोर्चा वळवला. तोवर खेड्यातल्या चर्चचं संगीत गावच्या वाजंत्र्यांच्या हातात होतं. मागच्या सज्जात फिडल, क्लॅरिनेट, बासून आणि सर्पेंट नावाचं नागमोडी वाद्य घेऊन लोहार-सुतार बसत आणि वाजवून झालं की प्रवचनाच्या वेळी पेंगत. पाद्र्यांना हे असह्य होतं. सज्जे पाडले, ऑर्गन आणला, जिथे ऐपत नव्हती तिथे हार्मोनियम. युरोपातून आलेली तीच पेटी आपल्याकडे संगीत नाटकाला आणि कीर्तनाला लाभली. तिथल्या खेड्यात तिने वाजंत्र्यांचं पोट नाही, पण मान नक्की मारला.

घंटावाले मात्र टिकले. इंग्लंडमध्ये घंटेवर सूर वाजवत नाहीत. घंटांचा क्रम दर वेळी बदलायचा आणि एकही क्रम पुन्हा येऊ द्यायचा नाही, असा तो खेळ. सहा घंटांचे ७२० क्रम होतात, सातांचे ५,०४०. हे गणित पाठ असलेली माणसं कित्येकदा घंटा वाजवून उपासना सुरू व्हायच्या आत घरी जातात, आणि ही तक्रारही जुनीच आहे. जून १९४० मध्ये घंटांवर बंदी आली, जर्मन उतरले तरच त्या वाजवायच्या होत्या. नोव्हेंबर १९४२ मध्ये एल अलामेनच्या विजयानंतर त्या पहिल्यांदा पुन्हा वाजल्या.

आणि ज्याला सगळे फार प्राचीन समजतात तो सुगीचा सण, भोपळे, जुड्या, पाव आणि आता डबाबंद घेवडे वेदीपुढे मांडायचा, तो आजच्या रूपात १८४३ चा. कॉर्नवॉलच्या कड्यावरच्या मॉर्वेनस्टो गावी रॉबर्ट स्टीफन हॉकर नावाच्या व्हिकरने नव्या धान्याच्या पावाने प्रभुभोजन केलं, आणि प्रथा बघता बघता देशभर पसरली. हा हॉकर विक्षिप्त होता. फुटलेल्या जहाजांच्या लाकडांची झोपडी बांधून तीत कविता लिहायचा, आणि किनाऱ्याला लागलेली खलाशांची प्रेतं स्वतः वर आणून चर्चच्या आवारात पुरायचा. आजही या सुगीला मोठी गर्दी होते, आणि चर्चला कधी न येणारे शेतकरीसुद्धा त्या दिवशी येतात.

विसाव्या शतकाने पुन्हा हिशोबाची वही गावापुढे ठेवली, पण अर्धीच. १९२१ पासून प्रत्येक पॅरिशला निवडून आलेली चर्च कौन्सिल मिळाली, तीत स्त्रियाही होत्या. पुढे १९७८ मध्ये पाद्र्याच्या नावची जुनी जमीन बिशपप्रांताकडे गेली. आता उलट गावच दर वर्षी प्रांताला ठरलेला हिस्सा पाठवतं, आणि बदल्यात एका व्हिकरचा सहावा भाग मिळतो. जमीन आमची होती, हे वाक्य खेड्यातल्या चर्च बैठकीत अजून ऐकू येतं. १९९४ मध्ये पहिल्या स्त्रियांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. तेव्हापासून सहा-सहा गावांच्या मधल्या अरुंद रस्त्यांवर गाडी पळवणाऱ्यांमध्ये त्याही आहेत.

गावाचा जुना हक्क एका ठिकाणी मात्र शाबूत आहे. वॉर्डन निवडायच्या वार्षिक सभेला पॅरिशच्या हद्दीतला मतदार यादीवरचा कोणीही येऊ शकतो. तो उपासनेला येतो का, देव मानतो का, हे कोणी विचारत नाही. प्रत्यक्षात सभेला दहाबारा माणसं असतात. खजिनदार हिशोब वाचतो: छपराचा निधी, सुगीच्या जेवणाची शिल्लक, गवत कापायच्या यंत्राचं पेट्रोल. मग पुढच्या वर्षी वॉर्डन कोण, असं विचारलं जातं, आणि सगळे आपापल्या बुटांकडे बघत बसतात, शेवटी गेल्या वर्षीचीच बाई पुन्हा हात वर करेपर्यंत.